मुलांमधील स्टेम सेल प्रत्यारोपणानंतर ग्राफ्ट फेल्युअर: कारणे, तपासण्या आणि उपचार

थॅलेसेमिया, अप्लास्टिक अ‍ॅनिमिया, रक्ताचा कॅन्सर, जन्मतःच प्रतिकारशक्ती कमी असणे अशा आजारांत मुलांना दुसऱ्या व्यक्तीच्या स्टेम सेल दिल्या जातात. यालाच आपण बोलताना बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणतो. पेशी देण्याचा दिवस रक्त चढवण्याइतकाच साधा असतो. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. रोज सकाळी रक्त तपासले जाते आणि आई-बाबा एकच प्रश्न विचारतात, "काउंट वाढले का?"

बहुतेक मुलांचे काउंट वाढतात. काहींचे मात्र वाढत नाहीत, किंवा वाढून पुन्हा खाली येतात. दात्याच्या पेशी मुलाच्या शरीरात रुजल्या नाहीत किंवा टिकल्या नाहीत, तर त्याला ग्राफ्ट फेल्युअर म्हणतात. ही गंभीर गोष्ट आहे. पण हा शब्द कानावर पडला म्हणजे सगळे संपले असे नाही. ग्राफ्ट फेल्युअरचे अनेक प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे. आपल्या मुलाला नेमका कोणता प्रकार आहे, हे समजून घेणे पालकांसाठी सर्वांत महत्त्वाचे.

(ज्या मुलांना त्यांच्या स्वतःच्याच साठवलेल्या पेशी परत दिल्या जातात, त्यांच्याविषयी हा लेख नाही.)

पेशी रुजल्या हे कसे कळते?

प्रत्यारोपणाआधी मुलाला केमोथेरपी, आणि काही वेळा रेडिएशन, दिले जाते. याला कंडिशनिंग म्हणतात. यात मुलाची जुनी अस्थिमज्जा रिकामी केली जाते आणि दात्याच्या पेशींना विरोध करणारी प्रतिकारशक्ती दाबली जाते. शेतकरी पेरणीआधी जमीन तयार करतो, तसेच हे.

त्यानंतर दिलेल्या पेशी रक्तातून हाडांच्या पोकळीत जाऊन बसतात आणि नवे रक्त बनवू लागतात. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिल्या की पेशी रुजल्या असे डॉक्टर धरतात. याला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. हाताच्या शिरेतून गोळा केलेल्या पेशी थोड्या लवकर रुजतात. नाळेच्या रक्तातल्या पेशींना जास्त वेळ लागतो. प्लेटलेट त्यानंतर सावकाश वाढतात.

म्हणून पंधराव्या दिवशी काउंट शून्याजवळ असला तरी लगेच घाबरू नका. तसेच दात्याचा आणि मुलाचा रक्तगट वेगळा असेल, तर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट ठीक असूनही हिमोग्लोबिन काही आठवडे मागे राहू शकते. तेवढ्यावरून ग्राफ्ट फेल झाला असे म्हणत नाहीत.

ग्राफ्ट फेल्युअरचे प्रकार

प्राथमिक ग्राफ्ट फेल्युअर: पेशी मुळातच रुजत नाहीत. प्रत्यारोपणानंतर २८ दिवसांत (नाळेच्या रक्ताच्या बाबतीत ४२ दिवसांत) न्यूट्रोफिल ५०० पर्यंत पोहोचत नाहीत.

दुय्यम ग्राफ्ट फेल्युअर: पेशी आधी रुजतात, काउंट वाढतात, कधी मूल घरीही येते. नंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी काउंट पुन्हा कोसळतात आणि दात्याच्या पेशी नाहीशा होतात.

ग्राफ्टचे काम कमी पडणे: हाडांत पेशी दात्याच्याच असतात, पण त्या पुरेसे रक्त बनवत नाहीत. हे ऐकायला ग्राफ्ट फेल्युअरसारखेच वाटते, पण याचा उपचार बराच वेगळा असतो.

असे का होते?

दुबार पेरणी करण्याआधी शेतकरी विचार करतो: बियाणे कमी पडले, जमिनीत दोष होता, की पावसाने ओढ दिली? इथेही तसेच शोधावे लागते.

- दिलेल्या पेशी कमी पडल्या. मुलाच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे निदान २० लाख सीडी-३४ पेशी मिळाव्यात असा प्रयत्न असतो. दाता खूप लहान असेल किंवा नाळेचे रक्त वापरले असेल, तर संख्या कमी पडू शकते.
- दाता आणि मूल यांचे एचएलए पूर्ण जुळत नव्हते. भावंडाचे पूर्ण जुळत असेल तर धोका कमी असतो. आई किंवा वडिलांच्या अर्ध्या जुळणाऱ्या पेशी दिल्या असतील, तर धोका वाढतो.
- मुलाच्या रक्तात दात्याच्या पेशींविरुद्ध आधीच अँटिबॉडी तयार होत्या. अनेकदा रक्त चढवलेल्या मुलांत हे जास्त दिसते.
- मूळ आजार. थॅलेसेमिया आणि अप्लास्टिक अ‍ॅनिमियाच्या मुलांना वर्षानुवर्षे रक्त चढवलेले असते आणि कॅन्सरच्या मुलांप्रमाणे त्यांना आधी केमो मिळालेली नसते. त्यामुळे त्यांची प्रतिकारशक्ती दात्याच्या पेशींना परतवून लावू शकते. मोठी झालेली पानथरीही (प्लीहा) पेशी अडवून ठेवते.
- कंडिशनिंग सौम्य होते. मुलाची तब्येत नाजूक असल्यास ते मुद्दाम सौम्य ठेवावे लागते.
- विषाणूंचा संसर्ग. सीएमव्ही, एचएचव्ही-६ आणि पार्व्हो विषाणू अस्थिमज्जेचे काम मंदावतात.
- औषधांचा परिणाम. सीएमव्हीसाठी दिले जाणारे गॅनसायक्लोव्हिर, न्यूमोनिया टाळण्यासाठी दिले जाणारे कोट्रायमोक्साझोल आणि लिनेझोलिडसारखी काही अँटिबायोटिक काउंट खाली आणू शकतात.

शेवटच्या दोन कारणांकडे नीट लक्ष द्या. ती वेळेवर सापडली, तर दुसऱ्या प्रत्यारोपणाशिवायही काउंट सुधारू शकतात.

या यादीत तुमच्या खाण्यापिण्यातली चूक, भेटायला आलेला पाहुणा किंवा राहिलेला नवस नाही. ग्राफ्ट फेल होण्याचा दोष आई-बाबांनी स्वतःकडे घेऊ नये.

सर्वांत महत्त्वाची तपासणी: काइमेरिझम

काउंट किती हे साध्या सीबीसीमधून कळते. पण त्या पेशी कोणाच्या, दात्याच्या की मुलाच्या, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी काइमेरिझम नावाची डीएनए तपासणी करतात. 'दाता ९५ टक्के' असे रिपोर्टमध्ये असेल, तर तपासलेल्या पेशींपैकी ९५ टक्के पेशी दात्याच्या आहेत. सोबत अस्थिमज्जेची तपासणी, विषाणूंच्या तपासण्या, अँटिबॉडीची तपासणी आणि चालू औषधांचा आढावा घेतला जातो. रक्ताचा कॅन्सर असलेल्या मुलात आजार परत आला नाही ना, हेही पाहतात.

या तपासण्यांतून चारपैकी एक चित्र समोर येते.

१. अस्थिमज्जा रिकामी आहे, कोणाच्याच पेशी नाहीत. ही सर्वांत धोक्याची स्थिती. मुलाकडे जंतूंशी लढायला काहीच नसते, म्हणून निर्णय लवकर घ्यावे लागतात.

२. मुलाच्या स्वतःच्या पेशी परत आल्या आहेत. थॅलेसेमियाच्या मुलात याचा अर्थ थॅलेसेमिया परत आला आणि पुन्हा रक्त चढवावे लागेल. दुःख मोठे आहे, पण जिवाला तातडीचा धोका नसतो. पुढचा विचार शांतपणे करायला वेळ मिळतो. कॅन्सरच्या मुलात मात्र स्वतःच्या पेशींसोबत आजार परतण्याची शक्यता असते, म्हणून तिथे घाई करावी लागते.

३. दोघांच्याही पेशी आहेत, म्हणजे मिश्र काइमेरिझम. थॅलेसेमियात दात्याच्या पेशी २० ते ३० टक्के एवढ्याच टिकून राहिल्या तरी काही मुलांना रक्त चढवावे लागत नाही. त्यामुळे आकडा १०० नाही म्हणून खचू नका. तो स्थिर आहे की प्रत्येक वेळी घटतो आहे, हे पाहायचे असते.

४. पेशी दात्याच्याच आहेत, पण काउंट कमी आहेत. म्हणजे बी रुजले आहे, वाढ खुंटली आहे.

उपचार: पहिले काम मुलाला सुरक्षित ठेवणे

कारण शोधले जात असतानाच हे उपचार सुरू होतात.

- ताप आला की रिपोर्टची वाट न पाहता शिरेतून अँटिबायोटिक. बुरशीविरोधी औषधेही दिली जातात.
- गरजेप्रमाणे रक्त आणि प्लेटलेट. हे रक्त गाळलेले, म्हणजे पांढऱ्या पेशी काढलेले, आणि इरॅडिएट केलेले असावे लागते. इरॅडिएट न केलेल्या रक्तातल्या दुसऱ्याच्या पांढऱ्या पेशी अशा मुलाच्या शरीरावर हल्ला करू शकतात आणि ते जिवावर बेतू शकते.
- पांढऱ्या पेशी वाढवणारे जी-सीएसएफचे इंजेक्शन. अस्थिमज्जेत थोड्या तरी पेशी असतील तरच याचा उपयोग होतो. रिकाम्या अस्थिमज्जेत ते एकटे काही करू शकत नाही.
- काउंट कमी करणारी औषधे शक्य असल्यास थांबवणे किंवा बदलणे, आणि विषाणू सापडल्यास त्यावर उपचार. हे बदल प्रत्यारोपण करणारे डॉक्टरच करतात. घरी स्वतःहून एकही गोळी बंद करू नका.

चित्र पाहून ठरणारे उपचार

मिश्र काइमेरिझम घटत असेल तर: प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचे प्रमाण बदलले जाते. काही मुलांना दात्याच्या लिम्फोसाइट पेशी थोड्या-थोड्या दिल्या जातात, म्हणजे दात्याच्या बाजूचे बळ वाढते. यात जीव्हीएचडीचा धोका असतो. जीव्हीएचडी म्हणजे दात्याच्या पेशींनी मुलाच्या त्वचेवर, आतड्यावर किंवा यकृतावर हल्ला करणे. म्हणून हा उपचार जपून आणि मोजून देतात.

दात्याच्या पेशी आहेत पण काम कमी असेल तर: आधी संसर्ग आणि औषधे ही कारणे दूर करतात. एल्ट्रोम्बोपॅगच्या गोळ्यांनी काही मुलांचे प्लेटलेट आणि इतर काउंटही सुधारतात. त्याने भागले नाही तर त्याच दात्याकडून पुन्हा स्टेम सेल घेऊन, त्यातल्या सीडी-३४ पेशी वेगळ्या करून दिल्या जातात. याला बूस्ट म्हणतात. यासाठी सहसा पुन्हा केमो लागत नाही आणि जीव्हीएचडी घडवणाऱ्या पेशी बहुतांश काढलेल्या असल्याने तो धोकाही कमी असतो. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात.

अस्थिमज्जा रिकामी असेल तर: दुसरे प्रत्यारोपण हाच मुख्य उपाय. काही मुलांच्या स्वतःच्या पेशी पहिल्या प्रत्यारोपणाआधी काढून गोठवून ठेवलेल्या असतात. दुसरा दाता लगेच मिळत नसेल, तर त्या परत देऊन मुलाला वाचवता येते. मूळ आजार राहतो, पण रक्त बनू लागते आणि वेळ मिळतो.

स्वतःच्या पेशी परत आल्या असतील तर: उपाय मूळ आजारावर अवलंबून असतो. थॅलेसेमियाच्या मुलाला पुन्हा नियमित रक्त आणि शरीरातले लोह काढणारी औषधे सुरू करून, शरीर सावरल्यावर दुसऱ्या प्रत्यारोपणाचा विचार करता येतो. करायचे नाही असे ठरवले, तरी चांगल्या उपचारांवर मूल वाढू शकते, शिकू शकते. अप्लास्टिक अ‍ॅनिमियात क्वचित स्वतःच्या परत आलेल्या पेशी पुरेसे रक्त बनवतात. मग पुढे काहीच न करता लक्ष ठेवले जाते.

दुसरे प्रत्यारोपण: काय वेगळे असते?

दाता कोण? पेशी कमी पडल्या हे कारण असेल आणि जुळणारे एकच भावंड असेल, तर तोच दाता पुन्हा चालू शकतो. या वेळी जास्त पेशी घेतल्या जातात. अँटिबॉडीमुळे पेशी परतवल्या गेल्या असतील, तर दुसरा दाता पाहिला जातो. नोंदणीतून जुळणारा दाता शोधायला वेळ लागतो. रिकाम्या अस्थिमज्जेच्या मुलाला तेवढी वाट पाहणे परवडत नाही. अशा वेळी अर्धे जुळणारे आई किंवा बाबा लगेच उपलब्ध असतात, ही मोठी सोय आहे.

कंडिशनिंग कसे? पहिल्या केमोतून शरीर पूर्ण सावरलेले नसते. म्हणून या वेळी अस्थिमज्जा जाळण्यापेक्षा प्रतिकारशक्ती दाबण्यावर भर असतो. फ्लुडाराबिन, सायक्लोफॉस्फामाइड, एटीजी आणि काही केंद्रांत कमी मात्रेचे रेडिएशन यांचा मेळ घालतात.

धोके कोणते? संसर्ग, यकृत आणि फुप्फुसांवर ताण, जीव्हीएचडी आणि पुन्हा ग्राफ्ट फेल होणे. पुढे मूल होण्याच्या क्षमतेवरही परिणाम होऊ शकतो. दुसऱ्या प्रत्यारोपणाचा धोका पहिल्यापेक्षा जास्त असतो, हे स्पष्ट सांगायला हवे. तरीही अनेक मुले यातून बरी झाली आहेत. मुलाला त्या वेळी मोठा संसर्ग नसेल, अवयव ठीक असतील आणि पहिल्या अपयशाचे कारण कळले असेल, तर शक्यता अधिक चांगली असते.

काही वेळा मूल इतके आजारी असते, की दुसरे प्रत्यारोपण त्याला झेपणार नाही असे डॉक्टरांना वाटते. तसे असेल तर ते उघडपणे विचारा. मुलाचा त्रास कमी ठेवणे हाही उपचारच आहे. तो मार्ग निवडणारे आई-बाबा माघार घेत नसतात.

घरी आल्यानंतर

दुय्यम ग्राफ्ट फेल्युअर बरेचदा मूल घरी आल्यावर लक्षात येते, आणि गावातल्या डॉक्टरांना ते आधी दिसते. माझ्यासारख्या जनरल फिजिशियनचे काम इथे मर्यादित पण महत्त्वाचे आहे: ओळखणे आणि वेळ न घालवता प्रत्यारोपण केंद्राशी बोलणे. खालीलपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी केंद्राला फोन करा.

- १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, किंवा थंडी वाजून हुडहुडी. यात रात्रीही थांबू नका.
- अंगावर लाल ठिपके, जांभळे डाग, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त.
- मूल फिकट दिसणे, दम लागणे, खेळायचे सोडून सतत झोपणे.
- तोंडात फोड, जुलाब, त्वचेवर पुरळ.

आणि हे टाळा:

- ताप मोजून फोन करण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नका, ताप झाकला जातो. आयब्युप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन तर देऊच नका, रक्तस्राव वाढतो.
- कंबरेत किंवा दंडात इंजेक्शन, गुदद्वारातून औषध किंवा थर्मामीटर नको.
- काउंट वाढवण्यासाठी पपईच्या पानांचा रस, काढे किंवा भस्मे देऊ नका. अस्थिमज्जा रिकामी असताना त्यांचा उपयोग नाही आणि त्यातून संसर्ग किंवा यकृताला इजा होऊ शकते.
- तालुक्याच्या ठिकाणी रक्त चढवायची वेळ आली, तर 'इरॅडिएट केलेलेच हवे' हे आधी सांगा. डिस्चार्ज कार्डाची एक प्रत कायम जवळ ठेवा.

ज्यांच्या मुलाचे पहिले प्रत्यारोपण अजून व्हायचे आहे त्यांनी एक गोष्ट आजपासून पाळावी. आई, बाबा, भावंडे, काका, मामा यांचे रक्त मुलाला चढवू देऊ नका. त्यातून घरातल्याच दात्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होऊ शकतात. नातेवाइकांनी रक्तदान जरूर करावे, पण ते दुसऱ्या रुग्णांसाठी.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

वहीत लिहून घ्या आणि उत्तरेही लिहा.

१. काइमेरिझम किती आहे? आधी किती होता?
२. अस्थिमज्जा रिकामी आहे की पेशी आहेत? कोणाच्या?
३. विषाणू आणि औषधे ही कारणे तपासली का?
४. दात्याविरुद्ध अँटिबॉडी आहेत का?
५. आमच्याकडे किती वेळ आहे, दिवस, आठवडे की महिने?
६. दुसरे प्रत्यारोपण नाही केले तर काय होईल?
७. दुसऱ्यांदा दाता कोण असेल आणि तोच का?

खर्च आणि मदत

भारतातले पहिले बोन मॅरो प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले. आज मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत ही सोय आहे. पहिल्या प्रत्यारोपणातच बहुतेक घरांची पुंजी संपलेली असते, म्हणून दुसऱ्याची वेळ आली तर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाला पहिल्याच दिवशी भेटा. मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी आणि थॅलेसेमियासाठी २०१७ मध्ये सुरू झालेली कोल इंडियाची थॅलेसेमिया बाल सेवा योजना यांची चौकशी करा. दुसऱ्या प्रत्यारोपणाला ती मदत लागू होते का, हे स्पष्ट विचारून घ्या.

पेशी देणाऱ्या भावंडाला विसरू नका

अनेकदा दाता हा घरातलाच सहा-आठ वर्षांचा भाऊ किंवा बहीण असते. ग्राफ्ट फेल झाला हे मोठ्यांच्या बोलण्यातून त्याच्या कानावर पडते आणि ते मूल मनात धरते, "माझ्या पेशी वाईट होत्या, माझ्यामुळे ताई बरी झाली नाही." बरीच मुले हे कोणाला सांगत नाहीत. त्याला जवळ घेऊन स्पष्ट सांगा: तुझ्या पेशी चांगल्याच होत्या, ताईच्या शरीराने त्या राहू दिल्या नाहीत. पुन्हा पेशी द्यायची वेळ आली तर त्याला समजेल अशा शब्दांत आधी विचारा, आणि नाही द्याव्या लागल्या तरी त्याने जे दिले त्याबद्दल त्याचे कौतुक करा.

ही माहिती समजण्यासाठी आहे. तुमच्या मुलाचा उपचार त्याचे रिपोर्ट पाहून प्रत्यारोपण करणारे डॉक्टरच ठरवतील.